गाडीच्या मागे कोणी उभं राहायचं

रविवार, ७ डिसेंबर. यावल

काल मी लिहिलं की या घरात आता तीन माणसं: हेमराज, त्यांची आई धुरपदाबाई आणि मी. ते चुकलं. वाचून दाखवलं तेव्हा हेमराजनी सुधारलं. चार, म्हणाले, गाडी धर. खूप हसलो आम्ही. पण चूक ती चूक, म्हणून आधी दुरुस्त करून ठेवते.

धुळ्याहून निघताना नानांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या बॅगेत त्यांचा जुना टेस्ट लॅम्प घातला, तारेत वीज आहे का ते पाहायचा. म्हणाले, दिपमाला, तुन्या हातले सवय शे, राहू दे. नाना गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. मी शाळेत जायच्या आधी त्यांच्या दुकानात शिकले. काळी तार म्हणजे अर्थ, ती गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडायची, हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. आणि दुसरं म्हणजे, काम झालं नसेल तर झालं म्हणायचं नाही.

घर छान आहे. गावाबाहेर, मोकळं, समोर केळीच केळी. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत अरुंद बोळ आहे. गाडी त्यातून उलटी आत घेतात, म्हणजे सकाळी तोंड रस्त्याकडे असतं. मागे कोणीतरी भिंतीपाशी उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या, बस' म्हणायचं. आतापर्यंत हे काम आईंचं होतं, आता सुनेचं. हेमराज म्हणाले, मोठ्यानं ओरड, तुझ्या धुळ्यात ऐकू गेलं पाहिजे. शेजारच्या सुंदरबाई कुंपणावरून म्हणाल्या, नवरी पाह्यली का कशी भोंग्यासारखी वाजते! मला लाज वाटली आणि मजाही.

आई डावा पाय ओढत चालतात. न्हाणीत पडल्या होत्या म्हणे.

मंगळवार, ९ डिसेंबर

गाडीला मागचा कॅमेरा आहे, पण रिव्हर्स टाकला की पडदा निळा होतो आणि 'सिग्नल नाही' येतं. मी विचारलं तर हेमराज म्हणाले, उंदरांनी कुरतडलं असेल, जळगावचा दुकानवाला सगळा संच बदला म्हणतो, त्याच्या बापाचं काय जातं. आणि आपल्याकडे ओरडायला माणूस आहे की.

आज ते मोटारसायकलवर गेले होते, म्हणून मी पाहिलं. नानांची पद्धत अशी की सोप्यापासून सुरुवात. चावी फिरवली, हँडब्रेक ओढला, रिव्हर्स टाकला. मागचा दिवा लागला. कॅमेऱ्याच्या तारेला लॅम्प लावला, तोही पेटला. अर्थ ठीक होता. राहिली फक्त चित्राची पिवळी तार. डिकीचं आतलं अस्तर सोडवलं तर तिथे ती तुटलेली.

तुटलेली नव्हे, चुकीचा शब्द. कापलेली. उंदराचे दात असले की कडा चुरगळते. ही एका घावात कापून दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप लावली होती. दुकानवाल्यानेच केलं असणार, नवा संच खपावा म्हणून. मला इतका राग आला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, राहू दे ना वं माय, कशाले हात लावते.

गुरुवार, ११ डिसेंबर

जोडली. डाग दिला, टेप लावली, पुन्हा तपासली, मग आणखी एकदा तपासली. चित्र स्वच्छ आलं. मागची भिंत, मोरी, सुंदरबाईंची कोंबडी, आणि वर तीन रेघा, हिरवी, पिवळी, लाल. लाल म्हणजे थांबा.

मी आईंना बोलावून दाखवलं. त्या पडद्याकडे पाहत खाली बसल्या. मातीतच. म्हणाल्या, तोड ते. त्याले समजायच्या आत तोड. मला वाटलं खर्चाला भितात. सांगितलं, आई, पैसे नाही लागले, आणि आता उन्हातान्हात कोणी मागे उभं राहायला नको.

भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक आडवा घासलेला पट्टा आहे. चित्रात तो नीट दिसतो. आधी माझ्या लक्षात आला नव्हता.

शुक्रवार, १२ डिसेंबर

हेमराजनी कॅमेरा पाहिला. खूष झाले. सुंदरबाईंना हाक मारून म्हणाले, पाहा काकू, हुंड्यात वायरमन आला. मग मला म्हणाले, जा, उभी राहा.

मी म्हटलं, आता दिसतं की.

ते म्हणाले, म्हणूनच.

मी भिंतीपाशी उभी राहिले. गाडी आली. मी बस म्हटलं. आली. मी पुन्हा बस म्हटलं. त्यांनी आत गाणं मोठं केलं. बंपर माझ्या नडग्यांना लागला आणि थांबला नाही. हळूहळू, दार दाबून लावावं तसा. पाठ भिंतीला. मी पत्र्यावर दोन्ही हातांनी मारत होते. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पडद्याकडे पाहत होते.

मग गाडी पुढे घेतली. उतरून आधी बंपर तपासला, त्यावर ओरखडा नव्हता. मला म्हणाले, बरोबर लाल रेघेवर. काय काम केलंस गं.

रविवार, १४ डिसेंबर

नडग्या काळ्यानिळ्या. आईंनी हळद लावली आणि सांगितलं. त्या न्हाणीत पडल्या नव्हत्या. गाडी नवी होती आणि कॅमेरा चालू होता. गुडघ्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. सरकारी दवाखान्यात हेमराजने सांगितलं, गाडी लावताना चुकून. तसंच लिहून घेतलं. पोलिसांनीही.

पुढे आईंना कळलं, तो जपतो ते फक्त गाडीला. कॅमेरा बंद असला की त्याला गाडीला ओरखडा येण्याची भीती वाटते. बस म्हटलं की थांबतो. म्हणून तार कापली. दुकानवाल्याने नाही, आईंनी. सुपारीच्या अडकित्त्याने. तेव्हापासून पाय शाबूत राहिला, जेवढा उरला तेवढा.

मी दुकानवाल्याचं नाव घेतलं होतं. ते खोटं होतं. आणि जी तार कापल्यामुळे या बाईचा पाय वाचला, ती मी डाग देऊन पक्की केली.

उद्या पुन्हा कापणार.

मंगळवार, १६ डिसेंबर

डाव्या हाताने लिहीत आहे.

कापली. त्याने संध्याकाळी ओळखलं. विचारलं, कोणी. आई म्हणाल्या, मी. मी म्हटलं, मी. तो हसला, म्हणाला, एका तारेला दोन कापणाऱ्या? मग माझा उजवा हात डिकीच्या काठावर ठेवला आणि दार पाडलं. वरून. पूर्ण जोराने.

मधली दोन बोटं वाकत नाहीत. त्याच हाताने तार जोडायला लावली. त्याने वरून टॉर्च धरला होता. जोडली. चित्र आलं.

गुरुवार, १८ डिसेंबर

रोज सकाळी तो तारा ओढून पाहतो.

नानांचा फोन त्यानेच उचलला. म्हणाला, तुमच्या पोरीने गाडी ठीक केली, गावभर नाव झालं. नाना खूष झाले. मला दिला फोन, पण समोर उभा होता. मी म्हटलं, काम झालं नाना. माझ्या तोंडून असं पहिल्यांदाच.

मी धुळ्याला निघून जाऊ शकते. एस.टी. दारासमोर थांबते. पण मी गेले तर भिंतीपाशी आई. आईंना म्हटलं, दोघी जाऊ. म्हणाल्या, माह्या पायानं तो मले फाटकातच गाठीन.

शनिवार, २० डिसेंबर

आज आईंना उभं केलं. मला आत, शेजारच्या सीटवर बसवलं. पाहा म्हणाला, तुझं चित्र.

हिरवी. पिवळी. लाल.

आई ओरडल्या नाहीत. तोंडात पदर कोंबला होता. मी हँडब्रेक ओढला तर त्याने कोपर माझ्या तोंडावर— दात लागून ओठ फाटला. पडद्यावर आई खाली घसरत होत्या आणि रेघा त्यांच्यावर तशाच—

आता उजवा पायही.

सोमवार, २२ डिसेंबर

आई खाटेवर. पाय सुजून चकाकतो. दवाखान्यात न्यायचं नाही म्हणतो.

उद्यापासून तू, म्हणाला. आणि म्हातारी बरी झाली की पाळीपाळीने.

त्या झोपेत बस बस म्हणतात.

बुधवार, २४ डिसेंबर

नीट लिहिते. घाई नको.

शनिवारी मळ्यात केळीची कापणी. मजुरांच्या आधी तो जातो, घड मोजायला. मला नेणार. आई खाटेवर, म्हणजे गाडीत तिसरं कोणी नाही. हे दोनदा विचारून घेतलं.

मळ्यात गाडी वळवायला जागा एकच. दोन्ही बाजूंनी केळी, मागे विहीर. कठडा नाही. वाळकी पानं काठापर्यंत पडलेली.

तार कापायची नाही. तारा तो ओढून पाहतो. अर्थचा स्क्रू तो पाहत नाही, त्याला माहीत नाही. अर्धा सैल केला की सपाट जागी चित्र येतं. मळ्याच्या चाकोरीत चार दणके बसले की जातं. नाना याला आजारी अर्थ म्हणतात. पुष्कळ गाड्यांचा मी बरा केला. आजारी कधी केला नाही.

चित्र गेलं की तो खाली उतरणार नाही. गाडी मागे घेताना कधीच उतरत नाही. काच खाली करून मला मागे पाठवील. बस म्हटलं की थांबेल. नाही म्हटलं तर—

गाडीमागे उभी राहून मी आजवर चुकीचं सांगितलेलं नाही. हे त्यालाही माहीत आहे.

मला भीती वाटते. गाडीची नाही. माझ्या आवाजाची. आवाज थरथरला तर त्याला कळेल. म्हणून मोरीपाशी पाणी सोडून हळू म्हणून पाहिलं, येऊ द्या. येऊ द्या. आईंनी आतून ऐकलं. मग म्हणाल्या, मोठ्यानं म्हण.

गुरुवार, २५ डिसेंबर

स्क्रू सैल केला. आज बोळातून आली तेव्हा चित्र होतं. नडगीची जखम उघडली, रक्त मोजे— असू दे. चित्र होतं, तेवढं पुरे.

त्याने आता हॉर्न दिला. फाटकाशी आहे. मला उभं राहायला जायचंय. आज आणि उद्या बसच म्हणायचं, नेहमीसारखं, खरं. आणि परवा मी विहिरीच्या बाजूला उभी राहीन, पानांच्या पलीकडे, आणि म्हणेन येऊ द्या, येऊ द्या, आणखी येऊ द्या— पुन्हा हॉर्न— परवा. शनिवारी. सत्तावीस डिसें—