नऊवारात मावलेली पृथ्वी

पंचवटी, नाशिक

चिरंजीव धोंडीरामास थोरली बहीण कुसाबाईचा डोक्यावरून हात. (बहात्तरीच्या माणसाला चिरंजीव कसं लिहायचं, असं लिहिणारी विचारते आहे. लिही म्हटलं, माझ्या कडेवर वाढलाय तो.) देवळाली कॅम्पची हवा मानवते ना? गुडघे काय म्हणतात, साखर काय म्हणते, आणि तुझ्या चहात चोरून पडणाऱ्या साखरेवर ललिता काय म्हणते? फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू नुसतं हां हां करतोस आणि डोळे टीव्हीत ठेवतोस, ते मला इथून दिसतं. पत्राला निदान चष्मा तरी लावावा लागतो.

तर विषय आहे तेजूचा. हे पत्र तीच लिहिते आहे, आणि तिची स्तुती तिच्याच हातून लिहून घेताना मला फार मजा येते आहे. महेशची ही लेक बी.एस्सी. झाली आणि पुढच्या शिक्षणाला तिला हैदराबादला जागा मिळाली. शिकायचं काय, तर जनुकं. म्हणजे जिवाच्या आत, कुणाला दिसत नाही तिथं, कापाकापी आणि शिवणकाम. महेशनं ऐकलं आणि नाही म्हणून मोकळा झाला. (तुझा भाचा कांद्याचा व्यापारी. जे गोणीत भरता येत नाही ते त्याला खरंच वाटत नाही.) घरात बरेच दिवस ताटं आपटून झाली, मग त्यानं जेवता जेवता जाहीर केलं की हे शिक्षण आईला समजलं तर पोरीनं खुशाल जावं. येत्या रविवारी आईनं सगळ्यांसमोर सांगायचं, पृथ्वी झाली तिथपासून ते या जनुकांपर्यंत. आई म्हणजे मी. जन्मात पाटीला हात न लावलेली. त्याला वाटलं, दार लावलं आणि वर कडीही घातली.

पण धोंडू, पोरगी काय गुणाची आहे म्हणून सांगू! (लाजू नकोस, लिही.) तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि माझं जुनं हिरवं नऊवारी लुगडं ओटीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडलं. म्हणाली, आजी, ही पृथ्वी. एका टोकाला ती जन्मली, दुसऱ्या टोकाला आपण बसलोय. एक वार म्हणजे पन्नासेक कोटी वर्षं. मी म्हटलं, मग देव-दानव कुठल्या वारात? तर हसली आणि खडूनं खुणा करत सुटली. पहिला वार नुसता जाळ आणि उल्का. पुढं कुठंतरी पाण्यात जीव धरला, पण कसला, तर डोळ्याला न दिसणारा, आपल्या विरजणातल्या जंतूंच्या जातीचा. आणि मग धोंडू, वारांमागून वार नुसते जंतूच! मी वाट पाहून कंटाळले. आता मासा येईल, मग येईल, तर शेवटचा वार उरला तेव्हा कुठं हातपाय, शिंगं, कवचं अशी वर्दळ सुरू झाली. ते अजस्र सरडे आले पदराच्या शेवटच्या हातभर जागेत. आपले डोंगर झाले त्याला जेमतेम अर्धी वीत झाली. जमीन फाटून तापलेला रस वाहिला, निवला, परत वाहिला, आणि थरावर थर बसले. लहानपणी देवळ्याहून चांदवडकडे बैलगाडीनं जाताना तूच म्हणायचास ना, डोंगर भाकरी रचल्यासारखे दिसतात? त्या खरोखरच एकेक करून भाजलेल्या भाकरी निघाल्या. आणि माणूस? माणूस म्हणजे पदराचा अगदी शेवटचा दोरा. त्या एका दोऱ्याचा केवढा तोरा, हे तुला तुझ्या भाच्याकडं बघून समजेल.

मग जनुकं. प्रत्येक जिवाच्या कणाकणात एक लांब धागा गुंडाळून ठेवलेला असतो म्हणे, आणि त्यावर फक्त चार अक्षरं, तीच पुन्हा पुन्हा उलटसुलट मांडलेली. कांद्यात तीच चार, बेडकात तीच, वाघात तीच. म्हणजे मी निरक्षर म्हणून सगळ्यांनी मला आयुष्यभर चिडवलं, आणि माझ्या अंगात नखशिखांत अक्षरंच निघाली! हे शिकलेले लोक त्या धाग्यावरची नेमकी जागा शोधतात, तिथं कात्री लावतात आणि दुसऱ्या जिवाचा तुकडा आणून ठिगळासारखा बसवतात. कात्रीही लोखंडाची नाही, जंतूंकडूनच उसनी घेतलेली. तू रोज पोटाला टोचून घेतोस ते साखरेचं औषध असंच होतं. आतड्यातल्या जंतूच्या धाग्याला माणसाच्या धाग्याचा एक तुकडा जोडला, की तो मुकाट्यानं माणसाचं औषध बनवत बसतो. एकाचे दोन, दोनाचे चार, रात्रीत विरजण लागावं तसे. तेव्हा इथून पुढं जंतूंना शिव्या देताना जरा जपून. तू त्यांच्या जिवावर लाडू खातोस.

आता फजिती ऐक. रविवारी सकाळी मी आंघोळीला गेले आणि तेवढ्यात गल्लीत बोहारीण आली. उज्वलेनं (सूनबाई, कामाला वाघीण, विचार नंतर) ओटीवरचं लुगडं पाहिलं, त्यावर खडूच्या रेघोट्या पाहिल्या, आणि हे आता नेसण्याजोगं राहिलं नाही असं ठरवून देऊन टाकलं. बदल्यात स्टीलची परात घेतली. सबंध पृथ्वी, समुद्र-डोंगरांसकट, एका परातीला! वर कौतुकानं मला दाखवते आहे, आई, बघा किती जड आहे. तेजू गाडी काढून भाजीबाजारापर्यंत धुंडून आली, बोहारीण कुठली सापडायला. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं, अंगावर दुसरं आहे की.

जेवणं झाली आणि मी परीक्षेला उभी राहिले. नेसलेल्या लुगड्यावर पृथ्वी सांगणं म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाच माहीत. पहिले दोन वार कमरेला खोचलेले, म्हणजे जाळ सगळा पोटाशी. जंतूंचा काळ निऱ्यांत आणि काष्ट्यात, तो मी तोंडीच सांगितला, उघडून दाखवला नाही. पदर मात्र हातात घेतला आणि झोकात सांगत सुटले. कवचवाले आले, मासे आले, झाडं आली. सरड्यांपाशी पोचले आणि त्यांच्या शेजारी माणूस उभा केला, हातात काठी देऊन. म्हटलं, हा त्यांना राखायचा.

तर महेश ताडकन उठला. 'अगं आई, काय करतेस! माणूस तिथं कुठून आणलास? तो पार काठाला, शेवटच्या दोऱ्यात!'

उज्वला सुपारी कातरता कातरता थांबली. 'अहो, तुम्हाला कसं ठाऊक?'

मग बाहेर आलं. आठवडाभर हा पेपर तोंडापुढं धरून आमची शिकवणी ऐकत होता. मी म्हटलं, बाळा, अट आईला समजण्याची होती, इथं बापालाही समजलंय. मग तेजूनं कांदा चिरला, ठेचला, मिठाच्या पाण्यात भांड्यांचा साबण घालून त्यात कालवला, फडक्यातून गाळला आणि त्या रसावर फ्रिजमधलं गार स्पिरिट अलगद ओतलं. साबण पेशीचं कातडं विरघळवतो म्हणे. बघता बघता त्या धाग्यांची पांढरी लव वर चढली, शेवया पाण्यात सोडाव्यात तशी. महेशनं पेला उजेडात धरला. इतका वेळ धरला की मला वाटलं आता भाव विचारतो. दोन पिढ्या कांदा विकला, म्हणाला, आणि याच्या पोटात काय ते आज बघितलं. मग लेकीकडं न बघता पेल्याशीच बोलला, जा म्हणून.

तेव्हा तुझी बहीण पास झाली. ती चूक मी मुद्दाम केली होती बरं का, चोर पकडायला. आहे की नाही युक्ती? मी फार आनंदात आहे, हे तिनं अधोरेखित करावं. (आजोबा, केलं. — तेजू) ललिताला आशीर्वाद, तुला पोटभर.

तुझी ताई,
कुसाबाई

ता.क. हे आता उज्वला लिहिते आहे. तेजू बाजारात बॅग आणायला गेली. धोंडू, ती युक्ती-बिक्ती काही नव्हती. माणूस कुठं उभा करायचा ते मला पक्कं पाठ होतं. पण पदर हातात घेतला आणि मनात आलं, इथं एक चुकले तर पोरगी घरात राहील. म्हणून चुकले. मला काय ठाऊक, बापालाच सगळं पाठ झालंय. आणि तो ओरडला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, ते का, ते मलाही सांगता येत नाही. (उज्वला डोळे पुसते आहे. तिला म्हटलं, शाई फिसकटेल.)

आणखी ता.क. आता कामाचं. पोरगी पंधरा तारखेला सकाळच्या गाडीनं निघते. स्टेशनवर मी गेले तर तोंडातून नको जाऊस निघाल्याशिवाय राहणार नाही, आणि ती वेडी खरंच उतरेल. तेव्हा चौदा तारखेला तू आजारी पड. मोठं काही नको, साधा ताप पुरे. फोन कर आणि कण्ह, मी लगेच तुझ्याकडं निघते. ललिताला मात्र आधी कल्पना दे, नाहीतर ती खरा काढा पाजेल.