बेरिलचा दम

३ मार्च १९८६
आधीच्या इंजिनियर बेरिल ट्रेझाइज काहीही लिहून न ठेवता वारल्या, म्हणून रोज लिहायचं, असा मॅनेजरचा हुकूम आहे. लिहिते.
खाण तांब्याची. आल्या आल्या डेस कुप्केने मटण भरलेला गरम पॅटिस हातात ठेवला. खाणकामगारांना खाली-वर नेणारा पिंजरा तोच चालवतो. काम माझ्या आवडीचं: एक मोटर, तिला वीज देणारे दोन रेक्टिफायर. पहिला रेक्टिफायर पिंजरा वर ओढतो, दुसरा मोटर उलटी फिरवून तो खाली सोडतो. पहिल्यातली वीज शून्यावर येण्याआधी दुसरा पेटला, तर शॉर्ट. पिंजरा हिसक्याने सुटतो. ते अडवायला बेरिलने पॅनेलमध्ये एक सर्किट-कार्ड जोडलंय. दिशा बदलताना मोटर क्षणभर थबकते. “बेरिल दम खातेय,” डेस म्हणतो.

७ मार्च
जो तो बेरिलचं नाव घेतो. तीस वर्षं मीही हेच केलं आहे! तिच्या कार्डात चूक शोधली. सापडली नाही. ते काढून कपाटात कोंडलं, माझं बसवलं.
“तुमचं भारीच असणार हो बाई,” डेस म्हणाला, “पण तिला विचारलंत का?” सगळे हसले.

११ मार्च
माझं कार्ड डोळ्याचं पातं लवण्याआधी मोटर सोडतं. तरी ती दीड सेकंद थबकते. पूर्वीसारखीच.
डेसने पॅनेल थोपटलं. “शाबास गं, म्हातारे!”
माझ्या कामाची शाबासकी तिला.

१२ मार्च
रिकाम्या पिंजऱ्यावर चाचणी. माझं कार्डही काढलं. अडवायला काहीच नाही. फ्यूज उडायला हवे होते. मोटर थबकली — आणि अलगद उलटी फिरली.

१३ मार्च, सकाळ
पॅनेलमध्ये तोंड घालून ओरडले. इथली इंजिनियर मी आहे, चालती हो!
गेली. पॅनेल एकदम गार पडलं.
तेवढ्यात तीन घंटा. तीन म्हणजे आत माणसं. चौदा जण. कार्ड बसवलेलं नाही — डेसला माहीत नाही — त्याने दांडा ओढला —
मी पॅनेलमध्ये हात घातला.
मोटर थबकली. मी थांबवली. मी!

१३ मार्च, दुपार
चौदाही सुखरूप. डेस टोपी काढून पॅनेलपाशी उभा. खाली कोणी पडलंय, एक हात अजून पॅनेलमध्ये, त्याच्याकडे बघतोय. हाक मारली, ऐकेना.
सुपूर्द: पॅनेलची चावी एक. नकाशे सात. कार्डं दोन, दोन्ही शाबूत.
घेणार: डेस कुप्के. माझ्याकडे न बघताच त्याने सही केली.
देणार: नेरिडा पॅस्को, इंजि—