टोपणासकट बारा फोटो

मंगळवार, १४ मे २००२, किन्हवली

आज हळदीचे फोटो काढताना बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं टोपण काढायलाच विसरले. त्यात भिंगातून नाही, वरच्या खिडकीतून बघायचं, म्हणून कळलंच नाही. बारा फोटो काळे. नवरीची आत्या म्हणाली, "हळद परत नाय लावत गो."

त्यावर दादाने अक्कल पाजळली, "तो इकून टाक. तुझा सत्तर सालचा सेलवाला कॅमेरा बरा, अंधार असला का लाल दिवा लावतो."

लावतो ना. पण सेल संपला की तो मुका. बाबांचा पन्नास सालचा कुणाच्या जिवावर चालत नाही. ऊन मी बघते, उजेडाचा आकडा मी लावते. चूक माझी, कॅमेऱ्याची नाही. उद्या लग्नालाही तोच नेणार.

टोपण मघाशीच विहिरीत टाकलं.