गॅलरीच्या कठड्यावरची वाटी

सिल्वासा, ६ जानेवारी २०२५

ती. सौ. आईंस,
सुजाताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडले की आबांना वाटतं सासू-सुनेचं जुंपलंय, म्हणून आपली पत्रंच बरी. भक्ती आणि बाळ मजेत असतील. लेकीच्या बाळंतपणात स्वतःचे गुडघे विसरू नका.

आबांच्या नाश्त्याची काळजी सोडा. स्टील-कट ओट्स म्हणून मिळतात, लापशीसारखे जाड तुकडे; साखरेला चांगले म्हणून डॉक्टरही खूश आहेत. शिजायला पाऊण तास लागतो. सव्वासातला अथालच्या कंपनीची बस पकडणारीने तो कुठून आणायचा? म्हणून रविवारीच शिजवते, वाट्यांत ओतून फ्रीजरमध्ये गोठवते आणि त्या ढेपा डब्यात भरते. सकाळी एक ढेप, थोडं दूध, मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं. आबांना दोनदा दाखवलंय. हे पहाटेच शिफ्टला जातात, मीही निघून जाते. मग आठला आबांनी डायबिटीसची गोळी घ्यायची आणि लगेच गरम वाटी. ओट्याजवळच्या बोर्डातून ठिणग्या येतात, त्याला मात्र अजिबात हात लावायचा नाही असं बजावलंय. मी निघताना सगळी बटणं बंद करून जाते.

माझं खाणं कंपनीत होतं कसंतरी. लोभ आहेच, तो ओरडूनही सांगता येईल.

तुमची,
सुजाता


धुळे, १३ जानेवारी

चि. सौ. सुजाता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगं बाई, ढेप आम्ही म्हशीपुढे ठेवायचो, तू सासऱ्यापुढे ठेवलीस! रविवारचं गुरुवारी खायचं, त्याला आमच्याकडे शिळं म्हणतात. पण डॉक्टर खूश म्हटल्यावर मी कोण बोलणार? बेचाळीस वर्षं मी ह्यांना गॅसजवळ फिरकू दिलं नाही, आणि तू मशीन चालवायला शिकवलंस. कमाल आहे.

बाळ माझ्यावर गेलंय, रडून सगळ्यांना कामाला लावतं. ह्यांना जप, तुझ्यावर टाकून आले आहे.

तुझी,
आई


सिल्वासा, २४ जानेवारी

सौ. उषा हिस,
आशीर्वाद.

माझं छान चाललं आहे. ओट्सची चव वाईट नाही, पण ते मशीन मला दाद देत नाही. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. सुजाताने बोर्डाला हात लावू नका म्हणून सांगितलंय, आणि गॅसला तुझी बंदी. मग मी युक्ती काढली. वाटी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवतो. साडेदहापर्यंत ढेप विरघळते, तोवर पेपर वाचून होतो. मधे हात जरा थरथरतात, वयाचं असेल.

सुजाताला सांगू नकोस. पोर दमून येते, आल्या आल्या विचारते, आबा, खाल्लंत ना? मी हो म्हणतो. खोटं थोडंच आहे?

तुझा,
भगवंत


सिल्वासा, १२ फेब्रुवारी

ती. सौ. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी भक्तीला फोन केला तेव्हा आबा ठीक आहेत एवढंच कळवलं. बाकीचं मला लिहायचं आहे.

परवा आबा गॅलरीत खाली बसलेले कोंडाबाईला दिसले. ती झाडायला आली होती. आबा घामाने चिंब, बोलणं बोबडं. बिचारीने आधी साखर भरवली, मग शेजाऱ्यांना हाका मारल्या. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, गोळी घेतली आणि पोटात काही नाही, साखर पार खाली गेली. आणि आई, मी काय केलं माहितीये? सलाईन लावलेल्या माणसाला रागावले. आवडत नव्हतं तर सांगायचं होतं, माझ्या मेहनतीचं असं करायचं का, म्हणून. ते नुसते मान हलवत राहिले.

संध्याकाळी घरी आले तर कठड्यावर वाटी. त्या दिवशी आभाळ आलं होतं, ऊन पडलंच नाही. कोंडाबाई म्हणाली, सकाळी ढेप मधून अजून घट्ट बर्फच होती. मी मायक्रोवेव्हचं बटण दाबलं, दिवा लागेना. त्या ठिणग्यांच्या बोर्डावरचं बटण बंद. सकाळी मीच बंद केलेलं, रोज मीच बंद करते. आणि हात लावू नका हेही मीच सांगितलेलं. इलेक्ट्रिशियनला बोलवीन बोलवीन म्हणत चार महिने गेले.

त्यांनी माझा शब्द मोडला नाही, आणि मी त्यांना रागावले. आबांना धुळ्याला न्यायचं असेल तर न्या. थांबा म्हणायला मला तोंड नाही.

अपराधी,
सुजाता


धुळे, १७ फेब्रुवारी

चि. सौ. सुजाता हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत ह्यांचं २४ जानेवारीचं पत्र पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. उन्हातली वाटी, हातांचं थरथरणं, सगळं. सांगू नकोस म्हणाले म्हणून गप्प बसले, असं मी भक्तीला सांगितलं. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला बरं वाटलं होतं, सुजाता. माझ्यावाचून त्यांचं अडतंय, सुनेची युक्ती फसली, याचं बरं वाटलं होतं. एक कार्ड टाकलं असतं तर हे टळलं असतं. आणि गॅस पेटवायला न शिकवणारीही मीच. मला कौतुक होतं त्याचं.

त्यांना मी नेणार नाही. ते तुझ्याकडेच राहतील. मला ये म्हणशील तेव्हा मी येईन, बोलावशील की नाही ते तू ठरव.

तुझी,
उषा


सिल्वासा, २४ फेब्रुवारी

ती. सौ. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुमचा राग आला. दोन दिवस होता. मग वाटलं, रागवायचं तर पहिला नंबर माझा.

बोर्ड नवा बसवला. आबांना गॅसही शिकवला, तुमची बंदी मी उठवली आहे. ढेपा अजून करते, पण मी असतानाच ते गरम करून खातात आणि गोळीही तेव्हाच घेतात.

आज मी चपला घालत होते, खाली बस हॉर्न देत होती. आबा वाफाळती वाटी घेऊन दाराशी आले. म्हणाले, तू रोज उपाशी जातेस, मला महिनाभर दिसतंय, सांगायला धजत नव्हतो. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. पहिला घास घेतला. ते शेजारी बसून राहिले, बस गेली.

बाळाला घेऊन भक्ती सासरी गेली की निघून या. वाट बघतो आहोत, मीसुद्धा.

तुमची,
सुजाता