उद्याचे भाव सांगणारा ट्रान्झिस्टर

जळगाव, १४ डिसेंबर १९६८

डोकं अजून भणभणतंय. दुरुस्त केलेला ट्रान्झिस्टर काल शेठजींच्या पेढीवर लावला, तर तो आजच्या तारखेचे कापसाचे भाव सांगायला लागला. एक दिवस आधी. कसे, कोण जाणे. मग बातमी लागली, "जळगावात कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग..." तेवढ्यात शेठजींनी बटण बंद केलं. आम्ही दोघंही हसलो.

आज दुपारी जिनिंग जळाली. फिटर रहीमचाचा आतच राहिले. आणि शेठजी मला म्हणतात, "भाव तर बरोबर निघाला, मिस्त्री."

ट्रान्झिस्टर त्यांच्या कपाळावर हाणावासा वाटला. एक मिनिट थांबता येत नव्हतं? ते बटण! सेल वाचवायचे म्हणे.

भाव सांगून संपले की बटण बंद करा, हे त्यांना शिकवलं कोणी? मीच.