देवाकडं पाठ कशी करू

लोणावळा,
सोमवार, २५ ऑगस्ट २०२५

प्रिय तुषारदादा,

सप्रेम सलाम. वहिनी आणि मुलं बरी असतील. इकडे धुकं इतकं की दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच आहेत. रिसॉर्टच्या नोकरीत रविवारी सुट्टी मिळत नाही, पण काल भांडून घेतली. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलला असतास, आणि मला ते नको होतं.

आधी आईची बातमी. आई चर्चमध्ये नाचते. हसू नकोस. कामशेतला ब्लाउज शिवणारी अपेक्षा आहे ना, तिने आपल्या मंडळीत उपासना-नृत्याचा गट काढलाय. वयाची अट नाही. सगळ्यांत लहान तिची भाची, सहा वर्षांची, आणि सगळ्यांत मोठी आपली आई, सदुसष्टची. दर गुरुवारी गुडघ्याला तेल चोळून कान्ह्याहून एकटी सरावाला जाते. माहेरी, आंदर मावळातल्या वाडीवर, गौरीच्या फेरात ती सगळ्यांच्या पुढे असायची म्हणे. आपण ख्रिस्ती होऊन मंडळीत आलो तसा आपल्या आबांनी तिचा नाच बंद करायला लावला. चाळीस वर्षं ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही.

मला मेलीला लाज वाटली. आमचे मॅनेजर आपल्याच चर्चला येतात. म्हातारपणी ही थेरं कशाला, चार माणसांत शोभतं का, असं मी तिला सुनावलं. ती ऐकेना.

काल पहिल्यांदा मंडळीसमोर नाच होता. अकरा जणी, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. पहिलं कडवं नीट झालं. मग सगळ्या आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि आई वळली ती थेट क्रूसाकडे. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अपेक्षा हळूच म्हणाली, "मावशी, इकडं तोंड करा."

आई चांगली मोठ्यानं म्हणाली, "देवापुढं नाचायचं म्हनलीस ना? मंग देवाकडं पाठ कशी करू?"

पेटीवाले काका थांबले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आई मात्र थांबली नाही. टाळी वाजवत, वाकत, तिच्या वाडीच्या पावलांनी नाचत राहिली. आधी ती छोटी वळली, मग एकेक करत सगळ्या. आम्हाला नुसत्या पाठी दिसत होत्या. दादा, आमच्यासाठी त्यात काहीच नव्हतं, आणि मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. पाळकसाहेब उभे राहिले, मग आख्खी मंडळी. मॅनेजर डोळे पुसत होते. मी तर हुंदके देत होते.

नंतर चहा देताना म्हटलं, "आई, लय भारी नाचलीस."

तर म्हणते, "तुषारला सांगू नगं. त्याला लय लागंल. माज्या लेकाचं मन मऊ कर, असं देवाला सांगितलंय मी."

आता शांतपणे वाच. दोन महिने ती तुझा फोन घेत नाही, पण ती तुझ्यावर रुसलेली नाही. ती ऐकेना तेव्हा मी तिला सांगितलं होतं, "दादा म्हणतो, आई नाचणार असेल तर तिच्या दारात पाऊल ठेवणार नाही." तुला तर नाचाचा पत्ताही नव्हता. तुझ्या धाकाने घरी बसेल असं मला वाटलं. ती बसली नाही. लेक तुटला असं समजून नाचली, आणि तुझा फोन वाजला की उचलायची हिंमत होत नाही म्हणून उशीखाली सारते.

काल तिथेच मी तिला खरं सांगितलं. शिवी नाही, चापट नाही. एवढंच विचारलं, "मंग त्यो रागावला न्हाई माज्यावर?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. माझ्या शब्दावर तिचा भरवसा उरलेला नाही, दादा. ते तिला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. फोन ती घेणार नाही, तेव्हा तूच ये. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

तुझ्या नावाने खोटं बोललेली,
उज्ज्वला