धर्मसुधारणा विचाराधीन आहे

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. राज्यकर्त्याने लिहून ठेवलेलं बरं. कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये मी नवव्या शतकातल्या एका टोळीचा राजा आहे. आमचा धर्म जुना. झाडं, आकाश, अधूनमधून एखादा बकरा. पोथी नाही, मठ नाही. त्यामुळे शेजारचे पोथीवाले राजे आपल्याला खिजगणतीत धरत नाहीत आणि आपलेच लोक गुपचूप त्यांचा धर्म घेतात. उपाय एकच, धर्मसुधारणा. पवित्र स्थळं ताब्यात आहेत, पुण्यही भरपूर साठलंय. फक्त नव्या धर्माची तीन तत्त्वं निवडायची आणि बटण दाबायचं. मात्र एकदा दाबलं की माघार नाही. शुक्रवारपर्यंत उरकून टाकतो.

४ जून, मंगळवार
हिला बढती मिळतेय. रक्त तपासायच्या लॅबची प्रमुख होणार, पण दुसऱ्या शहरातल्या शाखेत. वीस तारखेपर्यंत कळवायचंय. सगळ्यांनीच तिकडे जाऊया का, असं विचारत होती. म्हटलं, विचार करून सांगतो. असले निर्णय घाईत घ्यायचे नसतात. (तेव्हा नेमका एका पवित्र स्थळाला वेढा पडला होता. ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.)

६ जून
शुक्रवार जमेलसं वाटत नाही. 'लूट हेच पुण्य' हे तत्त्व ठेवलं तर तिजोरी भरते, पण शेजारी चवताळतात. सोडलं तर आपले सरदार उपाशी. पूर्वजपूजा निरुपद्रवी वाटते, म्हणूनच संशय येतो. 'स्त्री-पुरुष समान' मात्र घ्यायचंच. सरदार खवळतील. खवळू देत! या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही. स्वयंपाकघरातून हिने भांडी घासण्याबद्दल काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदाही आलं नाही.

८ जून, शनिवार
ऑफिसात कटकट. अपघातातल्या गाड्या बघून विम्याच्या कंपनीला नुकसानीचा रिपोर्ट द्यायचा, हे माझं काम. रिपोर्ट तुंबलेत म्हणून साहेबांनी बोलावलं. मी समजावलं की नुसता बंपर बघून भागत नाही, मुळाशी जावं लागतं. साहेब म्हणाले, मुळाशी नंतर जा, आधी गॅरेजमध्ये जा. माणसात खोलीच नाही.
संध्याकाळी कन्या मागे येऊन उभी राहिली. शाळेत शेवटच्या वर्षाला आहे, पण अक्कल आईवर गेलीय. बटण हिरवं आहे म्हणजे दाबता येतं ना, मग दाबत का नाहीस, म्हणाली. मुत्सद्देगिरी पोरांच्या डोक्यावरून जाते.

११ जून
थोरला राजपुत्र फितूर! शेजारच्या राजकन्येशी लग्न करायचं म्हणून पोथीवाल्यांचा धर्म घेतला. तुरुंगात टाकायला निघालो, तर सेनापती तोच. मीच नेमला होता.
हिने तिकडच्या घराचे फोटो दाखवले. माझ्या आईसाठी खालच्या मजल्यावरच खोली आहे म्हणे. मी मान हलवली. उभी हलवली की आडवी, ते आता आठवत नाही.
निश्चय: उद्यापासून पहाटे उठून व्यायाम, मग दोन रिपोर्ट, मगच गेम.

१२ जून
व्यायाम रद्द. पाठ धरली. पाठ धरलेली असताना गॅरेजमध्ये वाकणं धोक्याचं, म्हणून रिपोर्टही रद्द.

१५ जून, शनिवार
घरात साफसफाई जोरात. कपाटं उपसलीत, खोकी, दोऱ्या, चिकटपट्ट्या. आईसुद्धा औषधांचा डबा खोक्यात भरत होती. मी मोकळ्या मनाने कौतुक केलं, अधूनमधून असं सगळं उपसायलाच हवं म्हटलं. ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. कौतुकाची सवय नाही बिचारीला.
तिकडे आणखी सरदार पोथीवाले झाले. होईनात का. सुधारणा झाली की धावत परत येतील.

१८ जून
हिने पुन्हा विषय काढला. मी माझी नोकरी, आईचं वय, पोरीची शाळा असे सगळे मुद्दे बारकाईने मांडले. इतका मुद्देसूद मी ऑफिसातही बोलत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.
"त्या दोघींचं त्यांनी ठरवलंय," ती म्हणाली. "मी तुझं विचारतेय."
परवा नक्की सांगतो म्हटलं. तिनेही ताणलं नाही. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

२० जून, गुरुवार
ठरलं! लूट बाद, पूर्वज आत, समानता आत, तिसरं तत्त्व सहिष्णुता. बटण दाबायला गेलो तर ते राखाडी. दाबून बघितलं, जोरात दाबून बघितलं. दोन पवित्र स्थळं थोरल्याने सासऱ्यासाठी जिंकून घेतली होती. सैन्य बोलावलं, एकही सरदार आला नाही. त्यात दिवस गेला आणि हिला उत्तर द्यायचं राहून गेलं. तिने विचारलंही नाही. लॅबने मुदत वाढवून दिली असावी.

२२ जून, शनिवार
सकाळी दारात टेम्पो. आईला ड्रायव्हरशेजारी उशी देऊन बसवलेलं. म्हटलं, आई, तू कुठे निघालीस? सुनेबरोबर, म्हणाली. मी म्हटलं, अगं, माझा विचार अजून चालू आहे.
"चालू दे की," आई म्हणाली. "तू सावकाश कर. आम्हाला उशीर होतोय."
हिने मोबाइलवर पत्ता पाठवलाय, ठरलं की ये म्हणाली. चिडली असती तर मलाही चार शब्द सुनावता आले असते. नुसतं सांगितलं आणि पोरीला हात देऊन वर चढवलं.

२३ जून, रविवार
घर शांत. अशीच शांतता हवी होती मला, एवढ्या गोंधळात कसला विचार होणार. गेम उघडला. जुन्या धर्माचा राज्यात एकच माणूस उरलाय, राजा. गेम बंद केला.
मला करमत नाहीये.
मी 'हो' म्हणणारच होतो. मला धड कुणी विचारलंच नाही. म्हणजे विचारलं होतं. पण 'हो'च म्हणणार होतो, हे हिला आजच्या आज सांगायचं ठरवलं. फोन लावला. कन्येने उचलला. आई लॅब बघायला गेलीय, आजी झोपलीय, म्हणाली.
"काही निरोप आहे का, बाबा?"
म्हटलं, नाही गं, सहज केला होता.